जुना संगणक लगेच भंगारात कशाला?



‘विंडोज १०’चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा संगणक बदलाच, हा काही पत्रलेखकांनी दिलेला सल्ला घाईचा वाटतो. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार नकोत, हे मान्य. पण मायक्रोसॉफ्टनेच घरगुती ग्राहकांना नोंदणी करून जादा मुदत घेण्याची सोय दिली आहे.

संगणक रडतखडत चालतो तो बहुतेकदा जुन्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली की तो तरतरीत होतो. दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगतो! ‘विंडोज ११’वर जायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. हे नसेल तर लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली फुकट आहे, त्यात मराठीही टाइप करता येते. मदरबोर्डच गेला, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नये.

– एक वाचक, पुणे