घरात पुस्तकाला जागा द्या

परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहून बाबासाहेबांनी ग्रंथ जमवले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तेही ग्रंथांचा विचार करून. आज ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून समाजबांधव पिशव्या भरून पुस्तके नेतात. पण घरी ती ठेवतात कुठे? टीव्हीला दर्शनी भिंत आणि पुस्तकांना माळा, हा कसला वारसा?

आमचे म्हणणे साधे आहे. खोली एकच असली तरी एक फळी ठोका. ओल धरणारी भिंत टाळा, पुस्तकांमागे चार बोटे जागा सोडा. फळी मुलांच्या हाताला लागेल इतकीच उंच हवी. जवळ दिवा, खाली सतरंजी. माळ्यावरची पुस्तके वाळवी वाचते. हाताशी असलेली आपली पोरे वाचतील.