पेटी मोठी, आटे खोटे

घरात एक तरी माणूस असा असतो, ज्याला ढिला स्क्रू पाहून चैन पडत नाही. आमच्या घरात तो मी! गेल्या वर्षी चाळीस नगांची टॅप-डायची चकचकीत पेटी स्वस्तात मिळाली, म्हणून घेतली. आईच्या शिलाई मशीनच्या स्टँडला नवे आटे पाडायला बसलो आणि सहा मिलिमीटरचा टॅप भोकातच मोडला. मोडका टॅप साध्या ड्रिलला दाद देत नाही. मशीन महिनाभर कोपऱ्यात बसलं. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

चूक पेटीची होती, तशी माझीही. भोक ४.५ मिलिमीटरचं होतं. हवं होतं ५ चं. तेलाचा थेंब नाही, आणि टॅप एका दमात पिळलेला. खरं तर अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे कीस तुटतो.

आता वाटतं, घरकामाला चाळीस मापं लागतात कुठे? एम-५, एम-६ आणि एम-८ चे हायस्पीड स्टीलचे टॅप, एक हँडल आणि ४.२, ५ व ६.८ मिलिमीटरचे ड्रिल एवढं पुष्कळ. डाय लागेल तेव्हा घ्यावी. जुन्या यंत्रांवर मात्र इंची आटे असू शकतात. आधी पिच गेजने तपासावं.

काटकसर म्हणजे कमी पैशात जास्त वस्तू नव्हे. कमी वस्तू, पण भरवशाच्या! आईचं मशीन आता पुन्हा चालतंय.