नमुन्यात जे विचारले नाही, ते गल्लीत विचारू नका



अंतिम निवड यादीत नाव आले की आमच्या खान्देशात आधी पेढे वाटले जातात आणि मग चारित्र्य पडताळणीचा साक्षांकन नमुना हाती पडतो. धुळ्याचा राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 6, धुळे आणि जळगावचे जिल्हा पोलीस दल, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, भुसावळची रेल्वे. इथल्या पोरांच्या सरकारी नोकरीच्या वाटा बहुतेक इथूनच जातात आणि प्रत्येक वाटेवर चारित्र्य पडताळणीचा नाका असतो. त्या नाक्याला माझा विरोध नाही. ज्याच्या हाती रायफल किंवा दारूगोळ्याच्या गोदामाची किल्ली द्यायची, त्याच्यावर गुन्हा दाखल आहे का हे सरकारने पाहिलेच पाहिजे. माझी तक्रार आहे ती पडताळणीच्या नावाखाली गल्लीत होणाऱ्या चौकशीबद्दल. तिच्या धाकाने गुणवान मुले मिळालेल्या नोकरीवर पाणी सोडतात, हे मी पाहतो आहे.

निवृत्तीनंतर मी मुलांना हे नमुने भरायला मदत करतो, त्यामुळे त्यातले रकाने मला जवळजवळ पाठ आहेत. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची माहिती, मागच्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात ते पत्ते, शाळा-कॉलेज, आधीची नोकरी. मग मुद्द्याचे प्रश्न: कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा किंवा दंड झाला का. शेवटी तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे. माहिती खोटी दिली किंवा दडवली तर नेमणूक रद्द, असा इशाराही असतो. राज्य सरकारच्या नोकरीत लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र वेगळे द्यावे लागते. एवढे सगळे विचारणाऱ्या या कागदांत ‘तुमचे प्रेम कोणावर’, ‘खोलीत तुमच्यासोबत राहणारा तुमचा कोण’ असा रकाना मला आजवर दिसलेला नाही.

तरीही एक मुलगा हा नमुना कोरा घेऊन माझ्याकडे आला. मैदानी आणि लेखी, दोन्हींत चांगले गुण. पुण्याला कंपनीत कामाला असताना तो एका मित्राबरोबर राहत होता. ते दोघे जोडीदार आहेत आणि घरी याचा पत्ता नाही. पत्त्याच्या रकान्यात पुण्याची ती खोली लिहावी लागणार होती. पेनाचे टोपण तो सारखे लावत होता, काढत होता. शेवटी म्हणाला, ‘सर, त्या गल्लीमा ईचारतीन, मंग?’

पोलीस काय म्हणतील याची त्याला फारशी भीती नव्हती. घरमालकाला विचारले, घरमालक शेजाऱ्याशी बोलला, शेजारी निघाला आमच्याच तालुक्यातला, की चार दिवसांत ती गोष्ट वडिलांच्या ओट्यावर पोहोचणार, हे त्याला दिसत होते. बहिणीची सोयरीक ठरत आलेली. मी परोपरीने समजावले. त्याने मुदत उलटू दिली. जातीबाहेर नोंदणी पद्धतीने लग्न करून ते घरी न सांगितलेल्या मुलींची हीच गत आहे, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांचीही हीच. गुन्हा कुणीच केलेला नाही. प्रत्येकाने फक्त आपले घर चारचौघांपासून राखले आहे.

या मुलांना एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 21 जुलै 2016 रोजी पडताळणीबाबत निकाल दिला. अटक, खटला, शिक्षा यांची माहिती खरी द्यावी, दडवू नये, हे त्यात आहेच. त्याबरोबर हेही आहे की नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, जे नेमके विचारले तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक, आणि जे विचारलेच नाही ते दडवल्याचा ठपका ठेवून कारवाई करता येत नाही. पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2017 ला, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 6 सप्टेंबर 2018 ला दोन सज्ञान व्यक्तींमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळला गेला.

निकाल कागदावर राहतात, असे कुणी म्हणेल. बुलंदशहरच्या एका होमगार्डला समलिंगी संबंधाच्या चित्रफितीवरून कामावरून काढले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्याय मिळतो, पण किती उशिरा आणि कोणत्या किमतीला, हे मराठी वाचकाला डॉ. श्रीनिवास सिरस यांच्यामुळे ठाऊक असायला हवे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारा हा प्राध्यापक आणि कवी. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली आणि विद्यापीठाने निलंबित कोणाला केले, तर त्यांनाच. 1 एप्रिलला उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. आपल्या भाषेचा एक शिक्षक असा गेला, याची चीड मला आजही येते.

‘ज्याच्याजवळ गुपित आहे त्याला कुणीही धमकावू शकते, मग त्याला संवेदनशील नोकरी कशी द्यायची?’ असा प्रश्न जाणती माणसेही विचारतात. त्याचे उत्तर द्यायलाच हवे. धमकीला धार येते ती ‘कळले तर नोकरी जाईल’ या भीतीतून. नोकरी जाणार नाही असे सरकारने स्वच्छ सांगितले की धमकावणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. अमेरिकेने 1953 च्या अध्यक्षीय आदेशाचा आधार घेऊन अनेक समलिंगी कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. 1995 मध्ये दुसरा आदेश काढून केवळ लैंगिक कलावरून सुरक्षाविषयक मंजुरी नाकारता येणार नाही असे ठरवले. आपल्याकडे ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांच्या दिल्ली उच्च न्यायालयावरच्या नेमणुकीला त्यांचा कल आणि त्यांच्या जोडीदाराचे परदेशी नागरिकत्व यांवरून हरकत घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने जानेवारी 2023 मध्ये ती हरकत लेखी कारणे देऊन फेटाळली आणि शिफारस पुन्हा पाठवली. कृपाल यांनी स्वतःबद्दल काही लपवलेलेच नव्हते. म्हणजे लपवले तर धमकीचा धोका, उघड सांगितले तर त्याचीच हरकत. माणसाने जावे कुठे?

लष्कराचे वेगळे आहे, तेही सांगतो. जानेवारी 2019 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी लष्करात समलिंगी संबंध चालू देणार नाही, असे पत्रकारांना सांगितले होते. तिकडे जाणाऱ्याने हे जाणून निर्णय घ्यावा. गणवेशाच्या इतर नोकऱ्यांतही बराकीत एकांत मिळत नाही, बदल्या होतात, चौकशा टळत नाहीत. हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा आहे आणि नोकरी नको म्हणणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण केवळ पडताळणीच्या भीतीने नाही म्हणू नका. पत्ता खरा लिहा. गुन्हा, खटला असेल तर तो आधी लिहा. विवाहाबद्दल विचारले असेल तर खरेच उत्तर द्या. पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न वर्तणूक नियमांतच बसत नाही, तो सरकारचा विषय आहे. जे विचारलेले नाही ते सांगायची गरज नाही आणि त्यासाठी खोटे बोलायचीही नाही.

आता यंत्रणेकडे वळतो. गुन्ह्यांची नोंद पोलीस ठाण्याच्या संगणकावर असते. ती गल्लीत विचारून कळत नाही. गल्लीत कळते ते वेगळेच: कोण कोणाकडे येते, पोरगी रात्री किती वाजता परतते, कोणाचा कोणाशी बांधावरून वाद आहे. भाऊबंदकीतला माणूस साक्षीला उभा राहिला तर तो काय सांगेल, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही कळते. पत्ता खरा आहे का एवढे जरूर विचारा, त्यापुढे नको. खासगी कंपन्यांच्या वतीने चौकशी करणाऱ्या संस्थाही जुन्या घरमालकांना फोन करून नको ते विचारतात, असे मुले सांगतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा संमती ही सांगितलेल्या कामापुरती आणि त्याला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानतो. या संस्थांनी तो वाचावा.

जळगाव आणि धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना माझी जाहीर विनंती आहे. चौकशीला जाणाऱ्या अंमलदाराने शेजाऱ्यांना कोणते प्रश्न विचारावेत याची छापील यादी प्रत्येक ठाण्याला द्यावी. यादीबाहेरचे, ऐकीव काही अहवालात लिहू नये, असे लेखी बजावावे. अहवाल प्रतिकूल असेल तर त्याची प्रत आणि म्हणणे मांडायची संधी उमेदवाराला मिळावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. पुढच्या भरतीची पडताळणी सुरू होण्याआधी ते निघावे.

– एक निवृत्त शिक्षक, देवपूर, धुळे