वळिवड्याकडे तोंड करून म्हणा, ‘युद्ध नको’

बिंदू चौकात ‘युद्ध नको’चा फलक धरून मी स्वतः उभा राहिलोय. हे आधीच सांगतो, म्हणजे मला ‘भक्त’ ठरवून दुसऱ्या परिच्छेदात पळ काढायची सोय राहणार नाही. फलक गाझासाठी होता आणि रंगवलाही मीच होता. रंगवताना एक भाबडी सूचना केली, की खाली युक्रेनचंही नाव टाकूया, तिथंही रोज घरं पडतायत. आयोजकांपैकी एक दादा म्हणाले, “भावा, तो विषय वेगळा हाय. तिथं नाटो हाय.” मी गप ब्रश धुतला. नाव टाकलं नाही. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलंय. ढिगाऱ्याखालच्या माणसाला आधी विचारायचं, बाबा तुझ्यावर बॉम्ब कुणी टाकला, आणि मग हळहळायचं की नाही ते ठरवायचं?

दादांना उत्तर मला गांधीनगरात सापडलं. गांधीनगर म्हणजे आपल्या लेखी होलसेल कापडबाजार. लग्नाचा बस्ता निघाला की अख्खं घर रिक्षात कोंबून तिकडं. तिथली सिंधी कुटुंबं फाळणीत सगळं सोडून आली, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांना राहायला ज्या बराकी मिळाल्या त्या आधी कुणाच्या होत्या, हे मात्र फार जण सांगू शकत नाहीत. त्या पोलिश निर्वासितांच्या होत्या. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची.

ही माणसं हिटलरपासून पळून आली, असं आपण सरसकट सांगतो. ते अर्धंच खरं आहे. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून. वळिवड्याला आलेली बहुतेक कुटुंबं या पूर्व भागातली. सोव्हिएत पोलिसांनी त्यांना गाडीत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं.

आता त्याच वेळी मुंबईत काय चाललं होतं बघा. २ ऑक्टोबर १९३९ ला सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध संप केला. जगातल्या पहिल्या युद्धविरोधी संपांपैकी एक म्हणून त्याचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि अभिमान वाटावा असा तो होताच. कम्युनिस्ट पक्षाची भूमिका होती की हे साम्राज्यवाद्यांचं आपसातलं भांडण आहे. २२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि काही महिन्यांत तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिशांनी पक्षावरची बंदी उठवली. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालं तेव्हा पक्ष त्याच्या विरोधात होता. इकडे आपल्या जिल्ह्यात १३ डिसेंबरला गारगोटीच्या कचेरीवर सात जण हुतात्मा झाले.

हिटलरशी लढायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो मनापासूनच. पण हिटलर १९३९ मध्येही हिटलरच होता ना? पोलंड तेव्हाही गिळला जातच होता. मग भूमिका बदलायला मॉस्कोवर बॉम्ब पडायची वाट का बघावी लागली? गंमत अशी, की जी तारीख मुंबईत पक्षाची भूमिका बदलून गेली, तिनंच सायबेरियातल्या पोलिश कैद्यांची सुटका केली. रशियाला अचानक मित्र हवे झाले, म्हणून त्यांना सोडलं. इराणमार्गे फिरत फिरत ती माणसं करवीर संस्थानात आली. ती आल्यावर कुणी विचारलं नाही, की तुमच्यावर अत्याचार करणारा कोणत्या बाजूचा?

म्हणून मला आजचे मोर्चे बघून राग येतो. शांततेबद्दल नाही, तिच्या निवडीबद्दल. बॉम्ब अमेरिकेचा किंवा इस्रायलचा असला की आपल्याकडे मेणबत्त्या निघतात. रशियाचा असला की ‘संदर्भ समजून घ्या’चं व्याख्यान निघतं. सुदानसाठी तर फलकच नाही, तिथं शिव्या घालायला ओळखीचा शत्रू नाही ना.

यावर ‘आधी आपल्या देशातलं बघा’ म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत. गाझासाठी आझाद मैदानावर निदर्शनं करू द्या, अशी याचिका जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली आणि आपल्या देशातले प्रश्न बघा, असं सुनावलं. हाच न्याय १९४३ मध्ये लावला असता तर वळिवड्यात एकही पोलिश पोर उतरलं नसतं.

पुढाऱ्यांचं तर विचारूच नका. मोदींनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पुतीनना सांगितलं, की हा काळ युद्धाचा नाही. जुलै २०२४ मध्ये मॉस्कोत त्यांना मिठी मारली. ऑगस्टमध्ये वॉर्सात ते नतमस्तक झाले ते चक्क कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकापुढे, वळिवड्याची आठवण म्हणून पोलंडनं बांधलेल्या. तिथंही तेच वाक्य. मधल्या काळात रशियन तेलाचा आपल्या आयातीतला वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता तो एक तृतीयांशाच्या वर गेला. १२ मे २०२५ ला, ऑपरेशन सिंदूरनंतर, त्या वाक्याला शेपूट जोडलं गेलं : पण हा काळ दहशतवादाचाही नाही.

विरोधकही कमी नाहीत. एरवी शांततेचे दाखले देणाऱ्या काँग्रेसवाल्यांना १० मेच्या शस्त्रसंधीनंतर एकाएकी १९७१ च्या इंदिराबाई आठवल्या. याउलट २०१३ मध्ये विरोधात असताना एका शिराच्या बदल्यात दहा शिरं मागणारा भाजप २०२५ मध्ये दुबईतल्या सामन्याच्या वेळी समजावून सांगत होता, की स्पर्धा बहुराष्ट्रीय आहे, इलाज नाही. त्या सामन्याविरुद्ध ठाकरेंची सेना रस्त्यावर उतरली. याच शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी जानेवारी १९९९ मध्ये कोटलाची खेळपट्टी उखडली होती, आणि पुढच्याच महिन्यात, ती सत्तेत वाटेकरी असलेल्या सरकारचे पंतप्रधान बसने लाहोरला गेले होते. खुर्ची बदलली की युद्धाबद्दलचं मत बदलतं, आणि स्टेटस टाकणारे आपण ते मत आपलंच समजून भांडतो.

या सगळ्यात शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीला कुणी विचारत नाही. तिथं पिढ्यान्‌पिढ्या पोरं लष्करात जातात. आता जातील ती चार वर्षांसाठी, आणि चारातला एक कायम होईल. ‘घुसून मारा’वाले तिथं जात नाहीत. मेणबत्तीवालेही जात नाहीत.

पोलिश छावणीचं एक स्मारक इथं महावीर गार्डनमध्येही आहे. संध्याकाळी त्याच्याजवळ लोक भेळ खात बसलेले असतात. दादा, पुढची निदर्शनं बिंदू चौकाऐवजी तिथं करू. फलक मीच रंगवतो. त्यावर किती नावं टाकायची, ते त्या दगडापुढं उभं राहून तुम्ही सांगा.