शेड कोणतीही घ्या, आधी जुना रंग पाहा

दिवाळी जवळ आली की घरोघरी शेडकार्ड उघडते. मोतिया की हस्तिदंती, यावर चार-चार दिवस खल चालतो. कार्डावर दिसणारा फरक भिंतीवर फारसा उरत नाही. तीच भिंत सकाळच्या उजेडात पांढरी दिसते आणि पिवळ्या दिव्याखाली सायीसारखी. घरातल्या आजी-आजोबांना तर दोन्ही सारख्याच वाटू शकतात. कारण वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते. आरोग्याच्या दृष्टीने या दोन छटांत डावे-उजवे काही नाही.

खरा प्रश्न आहे तो नव्या रंगाखालच्या जुन्या रंगाचा. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत, शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली दारे, चौकटी आणि ग्रिल आजही अनेक घरांत आहेत.

रंगारी ती कोरडीच घासतो. धूळ फरशीवर बसते आणि रांगते मूल तीच बोटे तोंडात घालते. लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषले जाऊ शकते. वरकरणी काहीच दिसत नाही, पण मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून निघत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपाय साधे आहेत. जुना रंग पाणी मारून ओला करूनच घासावा. काम चालू असताना मुले आणि गरोदर स्त्रिया दुसरीकडे राहाव्यात. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने फरशी पुसावी. नवा डबा घेताना त्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख आहे का, ते वाचावे. ही धूळ वर्षभर छातीत घेणाऱ्या रंगाऱ्याला चांगला मास्क देणे हे घरमालकाचे कर्तव्यच आहे. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

मोतिया की हस्तिदंती, हे पाच मिनिटांत ठरवावे. वाचलेला वेळ रंगाऱ्याशी या गोष्टी बोलण्यात घालवावा.