जुनी मोटार, नवा पत्रा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारदुरुस्तीवर लेख दिला हे कळताच वर्गातल्या एका मित्राने "आता शास्त्र शाखेकडून विरहगीते येणार" असा शेरा मारला. त्याचे हसून झाले असेल असे समजून मी पुढे जाते. विषय मोटारीचा असला तरी वाद आपल्याच शाखेचा आहे. जुनी वस्तू दुरुस्त करायची म्हणजे ती नव्यासारखी करायची, की आपल्या हाती आली तशी टिकवायची? माझे मत आधीच सांगून टाकते. नव्यासारखी करणे हा जुन्या वस्तूचा नाश करण्याचा एक सभ्य मार्ग आहे. आणि तो टाळायचा तर दुरुस्ती शक्यतो मालकाने स्वतःच्या हातांनी करावी.

माझे मामा इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहतात. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी सहा आठवडे त्यांच्याकडे होते. त्यांच्या गॅरेजमध्ये १९७२ सालची एक एमजीबी आहे. दोन माणसांची, कापडी टपाची, लांब नाकाची स्पोर्ट्‌स मोटार. ही जात १९६२ साली बाजारात आली, आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातला कारखाना १९८० साली बंद होईपर्यंत अशा पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. म्हणजे ती काही राजेरजवाड्यांची दुर्मिळ गाडी नव्हे. पगारदार माणसाने हौसेने घ्यावी, रविवारी टप उघडून हिंडावे, आणि पाऊस आला की घाईघाईने टप ओढत स्वतःला दोष द्यावा, अशी ती गाडी.

तिच्या इंजिनाची मामांना कधीच धास्ती वाटली नाही. आपली अँबॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात कित्येक वर्षे जे १४८९ सी.सी.चे इंजिन येत असे ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले. एमजीबीचे १७९८ सी.सी.चे इंजिन त्याच घराण्यातले, जरा थोराड अंगाचे. कोल्हापूरला आजोबा आपल्या अँबॅसडरचे टॅपेट जुळवत तेव्हा विजेरी धरून उभे राहण्याचे काम मामांकडे असे. त्यामुळे "हे इंजिन माझ्याशी मराठीत बोलतं" असे ते म्हणतात. पाने मात्र इंची लागतात. मी पहिल्याच दिवशी मिलिमीटरचा पाना लावून एका नटाच्या कडा गोल केल्या, आणि पुढचे दोन दिवस माझ्याकडे फक्त चहा करण्याचे काम राहिले.

रोग इंजिनाला नव्हता, पत्र्याला होता. एमजीबीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. उघड्या टपाच्या गाडीत वर छताचा आधार नसल्यामुळे बराचसा भार दारांखालच्या दोन पोकळ तुळयांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतली पन्हळी पट्टी असे तीन थर एकमेकांना जोडून ही तुळई होते. रस्त्यावरचे पाणी आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून टाकलेले मीठ पोकळीत शिरते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत काही उरलेले नसते.

मामांच्या गाडीला फोडही नव्हता. उजवीकडचा सिल गुळगुळीत, रंगाने चकचकीत. मामांनी त्यावर लोहचुंबक फिरवला तर तो दोन ठिकाणी चिकटेचना. खरवडल्यावर पुट्टी निघाली, पुट्टीखाली कुणीतरी ठोकलेला नवा पत्रा, आणि त्या पत्र्याखाली चहाच्या चोथ्यासारखा झालेला मूळ सिल. पूर्वीच्या कुण्या मालकाने ही मोटार 'नव्यासारखी' करून घेतली होती. दुरुस्ती करणाऱ्याने सडका भाग कापण्याऐवजी त्याच्यावर टोपण घातले होते.

आता करायचे काय? मामांच्या ओळखीतल्या शौकीन मंडळींचा सल्ला एकमुखी होता: नवा सांगाडा घे. तशी सोय आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ साली एमजीबीचा अखंड सांगाडा मूळ साच्यांवर पुन्हा बनवायला सुरुवात केली. तो आणायचा, जुन्यातले इंजिन, गिअरबॉक्स, धुरे, आसने काढून त्यात बसवायची आणि जुना सांगाडा भंगारात द्यायचा. नियम पाळले तर नोंदणीचा क्रमांकही जुनाच राहू शकतो. गाडी १९७२ सालची, हाडे आत्ताची!

या सल्ल्याला मी उगाच नावे ठेवत नाही. त्या सांगाड्यांमुळे कित्येक मोटारी रस्त्यावर राहिल्या. आणि ज्यांचा सांगाडा खरोखर हाताबाहेर गेला आहे त्यांना दुसरा उपाय नाही. माझा आक्षेप आहे तो सल्ला पहिला येण्याला. पत्रा तपासण्याच्या आधी, पाना हातात घेण्याच्या आधी "बदलून टाक" हे उत्तर तयार असते. याचे कारण मला गॅरेजमधल्या एका संध्याकाळी कळले, आणि ते अगदी व्यवहारी आहे. दुकानातला कारागीर तासाने पैसे घेतो. सिलचा मधला पडदा अखंड नवा मिळतो. जुना कापून नवा जोडणे हे त्याचे थोड्या तासांचे काम. पण त्या पडद्याचा पुढचा दोन फूट भाग चांगला असेल, तो राखायचा असेल, तर मापे घ्या, कागदाचा नमुना कापा, पत्रा वाकवा, पुन्हा लावून पाहा. एवढे तास गिऱ्हाईकाच्या माथी मारणे कारागिराला परवडत नाही आणि गिऱ्हाइकालाही. दुकानात वेळ महाग आणि पत्रा स्वस्त. घरी वेळ फुकट. म्हणून जुना तुकडा वाचवणे फक्त हौशी माणसालाच परवडते. स्वतः दुरुस्ती करण्याचे समर्थन लोक पैशांच्या बचतीने करतात. माझ्या मते जुना भाग वाचवता येणे हेच त्याचे खरे समर्थन.

मामांनी तो दोन फूट भाग राखला. तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हा मी कुरकुर केली होती, हे इथे कबूल करते. "मामा, हा आत झाकलाच जाणार ना? कोण बघणार आहे?" असे मी विचारले. "अगं, बघण्यासाठी कोण करतंय? चांगला आहे तो, त्याला का कापायचा?" एवढेच ते म्हणाले.

कापण्याआधीची तयारी मात्र बघण्यासारखी होती. दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी बार पक्के करावे लागतात. ते न करता सिल कापला तर गाडी मधोमध किंचित खचते, त्याच अवस्थेत नवा सिल जोडला जातो, आणि मग दार जन्मभर नीट बसत नाही. मामा दर टप्प्याला दार लावून फट मोजत. वर्तमानपत्राच्या घडीने.

हे सारे साध्या माणसाला शिकवले कुणी? इथे जॉन हेन्स या गृहस्थाचे नाव घेतलेच पाहिजे. १९५६ साली, शाळकरी वयात, जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून स्पोर्ट्‌स मोटार कशी बांधावी याची पुस्तिका त्याने काढली. पुढे तो ब्रिटिश वायुदलात गेला आणि १९६५ च्या सुमारास एडनला होता. (एडन म्हटले की आपल्याला वासुदेव बळवंत फडके आठवतात; त्याच एडनच्या तुरुंगात १८८३ साली त्यांचा अंत झाला.) तिथे एका सहकाऱ्याने मोडकी ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली. हीही ॲबिंग्डनलाच बनणारी. ती दुरुस्त करताना हेन्सच्या लक्षात आले की कंपनीचे अधिकृत पुस्तक कंपनीच्या कारागिरांसाठी लिहिलेले आहे. ज्याच्याकडे खास हत्यारे नाहीत त्याच्या ते कामाचे नाही. मग त्याने एकेक भाग सुटा करताना फोटो काढले, आणि १९६६ साली स्प्राइटचे पुस्तक निघाले. त्यानंतर निघालेल्या 'हेन्स मॅन्युअल'च्या रांगेने इंग्लंडातल्या गॅरेजांच्या फळ्या भरल्या. मामांकडची प्रत तेलाने इतकी माखली आहे की पाने पारदर्शक झाली आहेत.

या पुस्तकाचे मोल मला भाषेच्या अंगाने वाटते. ज्ञान कारखान्याच्या बोलीतून घरच्या बोलीत आणले गेले. आपल्याकडे मोटार विकत घेणारा आणि मोटारीखाली झोपणारा या अजून दोन जाती आहेत. फिटरकडचे अफाट ज्ञान कागदावर येत नाही, आणि आपण लिहिणारे लोक हात काळे करत नाही. मराठीत असे पुस्तक कुणी लिहायचे ठरवले तर त्या फिटरच्या शेजारी वही घेऊन बसावे लागेल. आमच्या वर्गातल्या कितीजणांची तयारी आहे, हे मी विचारत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याचा दाखला देते. तो मोटारीचा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवल्या. नको ते पाठ त्यांनी फेकून दिले नाहीत, तळटीपांत नोंदवले. आणि जिथे स्वीकारलेल्या पाठाची पुरती खात्री नव्हती, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. ती नागमोडी रेघ मला फार आवडते. कवितेची ओळ गुळगुळीत करून देणे त्यांना सहज जमले असते. इमारतींच्या जतनाविषयी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे: हरवलेला भाग नव्याने घातला तर तो मूळ इमारतीशी मिळताजुळता असावा, पण जाणकाराला नवा म्हणून ओळखता आला पाहिजे. मामांच्या वहीत कुठला पत्रा कधी कापला, कुठला जोडला, कुठला जुनाच ठेवला हे सारे मराठीत लिहिलेले आहे, शेजारी मापांसह आकृत्या. ही वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला जाणार आहे. तो इंग्रज निघाला तर त्याने काय करायचे, हा प्रश्न मी विचारला होता. "शिकेल मराठी," असे उत्तर मिळाले.

यावर आमच्या एका सरांनी आक्षेप घेतला. पोथीतला चुकीचा पाठ कुणाचा जीव घेत नाही, ब्रेक घेतो, असे ते म्हणाले. अगदी मान्य. ब्रेकचे रबरी नळ, सिलिंडरमधले सील, जुने टायर यांच्याबाबत जुनेपणाचे प्रेम हा गुन्हा आहे. ते नवेच हवेत, आणि ज्याला ते काम येत नाही त्याने जाणकाराकडे जावे. सिलही भार वाहतो. म्हणून मामांनी संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकून घेतले आणि तरीही पहिले सांधे एका धंदेवाईक वेल्डरला दाखवले. दोन सांधे त्याने पुन्हा करायला लावले. इंग्लंडात २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरबदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट आहे. ही सूट मला धोक्याची वाटते. ज्या टोपणाखाली चहाचा चोथा झाकलेला होता, तशा मोटारी आता कुणीच खालून पाहणार नाही. मामा सूट असूनही तपासणी करून घेणार आहेत.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सुरक्षिततेची नसून निव्वळ रुचीची आहे. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या नियमांपायी एमजीबीला चकचकीत बंपरांऐवजी काळे, जाड रबरी बंपर लावावे लागले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली. ती कुरूप दिसते यावर जवळजवळ सर्वांचे एकमत. म्हणून पुष्कळ हौशी लोक १९७६-७७ च्या गाड्यांचे रबर काढून जुने क्रोमचे बंपर बसवतात. दिसायला गाडी सुंदर होते, हे खरेच. पण एका काळाने, एका कायद्याने त्या गाडीच्या तोंडावर उमटवलेली खूण जाते, आणि १९७६ साली जन्मलेली मोटार १९७१ ची असल्याचा आव आणते. मामांचे या बाबतीत माझ्याशी पटत नाही. स्वतःची गाडी आहे, हवे ते करावे, असे ते म्हणतात. ज्यांनी दोन फूट पत्र्यासाठी तीन संध्याकाळी घालवल्या त्यांनी असे म्हणावे, याचे मला अजून नवल वाटते.

मी निघाले तेव्हा उजवी बाजू पुरी झाली होती. बार काढले, गाडी चाकांवर उतरवली, आणि मामांनी दार लोटले. ते पहिल्या झटक्यात बसले, पण वरच्या कोपऱ्यात फट किंचित जास्त आहे. तीही वहीत लिहून ठेवली आहे. डावी बाजू अजून उघडायची आहे. तिथेही लोहचुंबक एका जागी चिकटत नाही. माझी परीक्षा एप्रिलअखेर संपते.