प्रदर्शनातील यंत्रे आणि नाथसागरातील तराफा

फेब्रुवारी २०२३ मध्ये कोलकात्यात भारत आंतरराष्ट्रीय सीफूड शो भरला. तेथे मांडलेली प्रक्रिया-यंत्रे निर्यातीसाठी होती. देशाला परकीय चलन मिळावे, यात दुमत नाही. परंतु अंत्योदयाची कसोटी लावायची, तर गंगापूर तालुक्यातील कायगावच्या काठावर यावे लागेल.

प्रवरा गोदावरीस मिळते, तेथवर नाथसागराचा फुगवटा पसरतो. १९७६ मध्ये जायकवाडी धरण झाले आणि नदीवर जगणाऱ्या भोई बांधवांसमोर अथांग जलाशय उभा ठाकला. साधने मात्र नदीचीच राहिली. किंबहुना त्याहूनही दुबळी झाली. कित्येक जण आजही थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातांनी जाळे ओढतात. वारा सुटला की सारा हवाला नाथमहाराजांवर! त्यांना ट्रॉलर नको आहे. हलकी फायबरची होडी, जीवरक्षक जाकीट, बर्फाची पेटी आणि कोवळी मासळी निसटू देईल अशा मोठ्या आसाचे जाळे, एवढेच हवे. यातील एकही वस्तू परदेशातून आणावी लागत नाही. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होडी-जाळ्यांसाठी साहाय्याची तरतूदही आहे.

मग मच्छीमार सहकारी संस्थांना सोबत घेऊन असे एखादे प्रदर्शन गंगापुरातच का भरवू नये? तेथे होडी पाण्यात उतरवून दाखवावी आणि तराफ्यावरच्या माणसाला वल्हे हाती घेऊ द्यावे.